मीराची शक्तीची गोळी

मंडळी, आजच्या मेलचं कारण म्हणजे माझी नऊ वर्षांची भाची मीरा.

सकाळी आम्ही बंगळुरातल्या बसवनगुडीच्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेतून परतलो आणि बघता बघता तिचे ओठ, पापण्या टम्म सुजल्या.

"शेंगा स्वल्प जास्तच झाल्या," अण्णा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला.

रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "औषध काही चालू आहे?"

अण्णा-वहिनी एकदमच म्हणाले, "छे!"

सुजलेल्या ओठांनी मीराच बोलली, "रोज शक्तीची गोळी घेते की!"

"कसली शक्ती?"

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं: मीराची भीती, मानसोपचाराचे डॉक्टर, त्यांनी नुकतीच सुरू केलेली गोळी.

डॉक्टर म्हणाले, "शेंगा ती नेहमीच खाते ना? मग पहिला संशय या गोळीवर. आता देऊ नका, त्या डॉक्टरांना आजच भेटा."

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. माझं कुतूहल मात्र उतरत नाही. त्यांनी हे लपवलं कुणापासून? बहुतेक माझ्यापासूनच. आणि माझ्या पर्समध्ये अशीच एक शक्तीची गोळी आहे, ती अण्णाला माहीत नाही.

तुमच्या घरात कोण घेतं?