सरांच्या खिशातला फ्यूज

फोन उचलला की सर 'हॅलो' म्हणत नसत. 'काय बिघडवलं?' असं विचारत. पलीकडे कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. अकोल्याचे मिलमालक, अमरावतीचे बँकवाले, शेजारी, सगळ्यांना तेच. एकदा त्यांच्या व्याह्यांनी नातू झाल्याचं कळवायला फोन केला, तेव्हाही सरांनी तेच विचारलं. व्याही पुढे बरेच दिवस बोलले नाहीत. सरांना ते सोयीचं वाटलं असावं.

सर जाऊन आता काही महिने झाले. त्यांच्या तेरवीला लोक चांगलं बोलले. दोघांनी फणसाची उपमा दिली: वरून काटे, आत गरे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. इतकी वर्षं सरांच्या हाताखाली काढली, आतला गर मी शोधला नाही असं नाही. मला तो सापडला नाही. तरीही हे लिहायला बसले आहे आणि गेला महिनाभर एकेक ओळ लिहून खोडते आहे.

बडनेरा रोडला सरांचं पॅनलचं वर्कशॉप होतं. दाल मिल, जिनिंग, तेल घाणे यांच्या मोटरी कोणत्या क्रमानं सुरू व्हाव्यात आणि कधी थांबाव्यात हे ठरवणारी एक डबी लोखंडी कपाटात बसवलेली असते. तिला पीएलसी म्हणतात. मिल वाढली, मोटरी वाढल्या की त्या डबीच्या शेजारी जादा कार्डं जोडावी लागतात. एक कार्ड दुसऱ्याला खेटून बसतं, बाजूच्या पिना आत जातात, पट्टीवर खटका बसल्याचा आवाज येतो. दिसायला हे काम खेळण्यातले ठोकळे जोडण्यासारखं आहे. 'अन् म्हणूनच लोकं मरतात,' असं सर म्हणत.

मी भातकुलीची. वडील शिक्षक, घरात धान्याच्या कोठीपेक्षा पुस्तकांचं कपाट मोठं. डिप्लोमा करून मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझं आडनाव विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटलं होतं. नंतर कळलं, त्यांना कोणाच्याच नावात रस नव्हता. मी 'मॅडम' झाले आणि शेवटपर्यंत मॅडमच राहिले. त्या शब्दात आदर नव्हता. 'या मॅडम, या. उन्हाचा त्रास तं नाई झाला? पंखा लावू काय तुमच्यासाठी?' असं म्हणत ते माझ्या हातात पान्यांची पेटी देत.

त्यांच्या शर्टाचा डावा खिसा नेहमी खाली लोंबलेला असे. मिलमध्ये गेल्यावर सर पाणीसुद्धा पीत नसत. आधी मेन स्विच पाडायचा, मग कंट्रोलचा फ्यूज काढून खिशात टाकायचा. पांढरा, अंगठ्याएवढा. तो जागेवर नसला की पीएलसी जागी होत नाही आणि कोणतीही मोटर हलत नाही. तेवढ्यानं त्यांचं भागत नसे. त्या मापाचे स्टोअरमधले सगळे फ्यूजही ते मागून घेत आणि तेही खिशात टाकत. कोणी विचारलं, 'सर, आमच्यावर भरोसा नाई काय?' तर ते म्हणत, 'नाई.' पुढे स्पष्टीकरण नाही, हसणं नाही. काकू त्यांच्या खिशांना आतून दुहेरी कापड लावत. तरी ते फाटत.

दुसरी सवय पुस्तिकेची. नवं कार्ड खोक्यातून काढण्याआधी त्याच्यासोबत आलेली पुस्तिका मी मोठ्यानं वाचायची. त्याच कार्डाची पुस्तिका आदल्या आठवड्यात वाचलेली असली तरी पुन्हा. मी भराभर वाचू लागले की ते म्हणत, 'मॅडम, हे कादंबरी नाई.' माझ्या पिशवीत कायम एखादी कादंबरी असे, ती त्यांना खुपत असे. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गाडीत एकदा त्यांनी विचारलं, 'वाचून राहिल्या त्याचा शेवट काय?' मला आश्चर्य वाटलं, थोडा आनंदही झाला. मी सांगितला. त्यांनी पुढचा ट्रॅक्टर मागे टाकला. मग म्हणाले, 'टेस्टिंग न करता संपवलं त्यानं.'

मला सर आवडत नसत, याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. पॅनलमध्ये ते मला हात घालू देत नसत. मी वायरिंगचे नकाशे काढायचे, प्रोग्रॅम लिहायचे, पुस्तिका वाचायची, पेचकस द्यायचा. कार्ड बसवायचं, वायर जोडायची ती त्यांनीच. माझ्यासोबत शिकलेल्या मुली पुण्यात, नाशकात स्वतः पॅनल उभे करत होत्या आणि मी पेचकस धरून उभी. एकदा मी धीर करून विचारलं. ते वळले नाहीत. 'दिसते तितकं सोपं नाई थे,' म्हणाले. मी त्या दिवशी घरी येऊन रडले. भांडता येत असतं तर भांडले असते.

मग अकोल्याची ती मिल आली.

एमआयडीसीतली ती मोठी दाल मिल. शेठनी दाणे निवडायची नवी लाइन टाकली होती. तिच्यासाठी लागणारं जादा कार्ड शेठच्या भाच्यानं स्वतःच आणलं आणि स्वतःच बसवलं. ओळीच्या शेवटी वायरींचा पत्रा आडवा येत होता, म्हणून त्यानं जुनी कार्डं सरकवून नवं मधेच घातलं. त्या पीएलसीत प्रत्येक मोटरचा क्रमांक कार्डाच्या जागेवरून ठरतो. मधे नवं कार्ड आलं की मागच्या सगळ्यांचे क्रमांक पुढे सरकतात. भाच्यानं चाळणीचं बटण दाबलं आणि दाणे बादल्यांनी वर चढवणारा एलिव्हेटर फिरू लागला. मग फोन आला.

'काय बिघडवलं?'

'काई नाई सर, एक कार्डाची डबी लावली फक्त.'

'कुठी लावली?'

'मधात.'

सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, 'चाला मॅडम. हुशार लोकांकडे जायचं आहे.'

आम्ही पोचलो तेव्हा फाटकाबाहेर तुरीचे ट्रक उभे होते. शेठ खुर्ची टाकून दारातच बसलेले. सरांनी त्यांच्याकडे न पाहता मेन स्विच पाडला, फ्यूज काढला, स्टोअरमधले दोन मागून घेतले, तिन्ही खिशात टाकले. मग मिलचा इलेक्ट्रिशियन शालिकभाऊ याला त्यांनी एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरवलं. मोटर तपासताना यंत्र फिरू नये म्हणून सगळे पट्टे आधी उतरवायचे असतात, आणि एलिव्हेटरचा पट्टा खालून, बादल्यांमध्ये हात घालूनच सुटतो.

इकडे मधलं नवं कार्ड निघालं आणि पत्रा कापून शेवटची जागा मोकळी झाली. मी पुस्तिका वाचली. सरांनी कार्ड हातात घेतलं, पिना समोर धरल्या आणि दाबलं. ते बसलं नाही. त्यांनी पुन्हा धरलं. तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात थरथरतो आहे. थोडा नाही, चांगलाच. तिसऱ्यांदा पिना कडेला लागून घासल्याचा आवाज आला. सर थांबले. कार्डाकडे पाहत राहिले. मग ते माझ्या हातात दिलं आणि खिशातले तिन्ही फ्यूज काढून माझ्या दुसऱ्या हातात ठेवले.

'हात ज्याचा, फ्यूज त्याचा,' ते म्हणाले. 'घाला खिशात.'

माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. बायकांच्या कुर्त्यांना कुठे असतो?

'खिसा नाई?' ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की पोती उचलणारी माणसं थांबली. 'खिसा नाई अन् पॅनलमध्ये हात घालाची हौस! इतके वर्ष मले खाल्लं, हात घालू द्या, हात घालू द्या!'

विचारलं होतं मी एकदाच. मी बुटाच्या नाड्या सोडल्या आणि फ्यूज मोज्यांत खुपसले. एका पायात दोन, एका पायात एक. कार्ड पहिल्याच दाबात बसलं. खटका वाजला. सर बाहेर जाऊन शेठच्या शेजारच्या पोत्यावर बसले.

मी वायरी जोडत असताना शेठ आत आले. 'झालं ना? लागली ना डबी? मंग करा चालू.'

'अजून जोडते आहे. मग एकेक मोटर तपासायची आहे. दिवस जाईल.'

'दिवस? बाहेर माल उभा आहे, दिसून नाई राहिला तुमाले? फ्यूज द्या इकडे.'

मी दाराबाहेर सरांकडे पाहिलं. ते समोरच्या ट्रककडे पाहत होते.

'सर, सांगा न तुमच्या बाईले!' शेठ ओरडले.

'फ्यूज माह्याकडे नाई,' सर तिकडेच पाहत म्हणाले. 'तिच्याकडे आहे. तिले मांगा.'

मी 'नाही' म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. शेठ माझ्या शिक्षणाबद्दल बोलले, बायकांना कामावर ठेवण्याबद्दल बोलले, पुढच्या कामाबद्दल बोलले. पायातला फ्यूज घोट्याला टोचत होता. मी वायरींचे क्रमांक वाचत राहिले.

तेवढ्यात शेजारी काहीतरी दाणकन वाजलं. भाच्यानं मेन स्विच वर केला होता आणि त्याचं बोट चालू करायच्या हिरव्या बटणावर होतं. त्यानं ते दाबलं. पुन्हा दाबलं.

काहीच झालं नाही. मिल तशीच निपचित. खड्ड्यातून शालिकभाऊचा आवाज आला, 'ताई, पाना द्या जरासा, बादली अडकली.' त्याला वर काय झालं ते ठाऊकही नव्हतं. त्याचे दोन्ही हात बादल्यांत होते.

कोणती मोटर फिरली असती ते मी आजही सांगू शकत नाही. वायरी अर्ध्याच जोडलेल्या होत्या. कदाचित कोणतीच फिरली नसती. मी खाली बसले आणि मोज्यांवरून हात फिरवून तिन्ही फ्यूज मोजले.

सर धावत आत आले, स्विच खाली ओढला आणि भाच्याची कॉलर धरली. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहिणार नाही. भाचा म्हणत होता, 'सोडा न सर, मी फक्त पाहून राहिलो होतो!' शेठ म्हणत होते, 'माह्या मिलमध्ये माह्या भाच्याच्या अंगाले हात?' मला कोणी काही विचारलं नाही. मी उठले, शालिकभाऊला पाना दिला आणि उरलेल्या वायरी जोडल्या.

मग दिवसभर एकेक मोटर तपासली. सगळ्या बरोबर निघाल्या. संध्याकाळी शेठ म्हणाले, 'पाह्यलं? सगळं बरोबरच होतं. फुकट दिवस घालवला.'

'बरोबर आहे हे आता समजलं,' सर म्हणाले. 'सकाळी नव्हतं समजत.'

त्या मिलनं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. परतताना गाडीत मी वाट पाहिली. वाटलं, आज काहीतरी बोलतील. बडनेरा आलं तेव्हा ते बोलले.

'वेळ लय लावला तुमी. अन् उद्यापासून खिसा पाहिजे. नाई तं येऊ नका.'

त्यानंतर सरांनी पॅनलमध्ये हात घातला नाही. वर्कशॉपमध्ये बसून असत आणि मी कामावरून आले की चुका विचारत. चूक नसली तर चिडत. मला फ्यूज मिळाला होता, पण तो त्यांना द्यावा लागला म्हणून मिळाला, हे ते मला विसरू देत नसत. मीही विसरत नसे. हात ज्याचा त्याच्याच खिशात फ्यूज, हा त्यांचा नियम होता. म्हणजे एवढी वर्षं मला धोक्याबाहेर उभं करून ते स्वतःचा हात आत घालत होते. हे मला अकोल्याला कळलं. कोणी म्हणेल, मग हाच तर गर. मला तसं म्हणवत नाही. त्यांनी एकदा नीट सांगितलं असतं तर माझी अनेक वर्षं कडू झाली नसती.

ते दवाखान्यात असताना मी फोन केला. बरीच रिंग वाजली.

'काय बिघडवलं?' आवाज ओळखू येत नव्हता.

'काही नाही सर.'

'मंग फोन कायले केला?'

त्यांनी फोन ठेवला. तेच शेवटचं बोलणं.

वर्कशॉप आता मी चालवते. माझ्या सगळ्या कुर्त्यांना डावीकडे खिसा आहे, आतून दुहेरी कापडाचा, वर बटण. परवा दुपारी तिथला फोन वाजला. शालिकभाऊ होता, हळू आवाजात बोलत होता.

'ताई, आमच्या इकडे अजून एक डबी लावून राहिले. काम कराले दुसरीच पार्टी आहे, अकोल्याचीच. मले खड्ड्यात उतरा म्हणतात. शेठ तं तुमाले बोलावत नाई.'

'फ्यूज कोणाकडे आहे?'

'जाग्यावरच आहे.'

'तुम्ही काढून घ्या. स्टोअरमधलेही घ्या.'

'मी? मी कसा घेऊ ताई? शेठ मांगन तं?'

'द्यायचा नाही.'

'अन् वरडला तं?'

'ओरडू द्या. हात तुमचा आहे ना आत? मग फ्यूज तुमचा. शर्टाला खिसा आहे?'

'आहे.'

'बटण?'

'बटण नाई ताई.'

'खिशाला बटण नाही आणि खड्ड्यात उतरता?' मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की वर्कशॉपमधली माणसं वळून पाहू लागली. 'आधी बटण लावून घ्या. मग उतरा.'

आणि 'ठेवते' न म्हणता मी फोन ठेवला.