वाट विचारली म्हणून बाद

त्या म्हाताऱ्यावर मी अजून चिडलेलो आहे. त्याची काही चूक नव्हती, हे मला कळतं; म्हणून तर जास्तच चिडतो.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात कोल्हापुरातल्या सायकलवेड्या मंडळींनी नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठच्या वाळूवर लावलेल्या सुरूच्या बनात स्पर्धा ठेवली. हातात नकाशा आणि होकायंत्र, बुडाखाली गिअरची सायकल. झाडांत लावलेली आठ निशाणं हुडकायची, प्रत्येक ठिकाणी तिथल्या चिमट्यानं कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. नवरा-बायकोची जोडी चालत होती. नकाशा बायकोकडं, कारण तिला तो कळत होता. माझ्याकडं तालमीत कमावलेल्या मांड्या.

तिनं सगळा पावसाळा जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून काढला होता. घरचे हसले होते, "रानात काय हुडकणार, करवंदं?" तिला पहिला नंबर नको होता. आठही निशाणं नकाशावरून काढायची आणि कार्ड सगळ्यांच्या नाकासमोर धरायचं, एवढंच.

सुरुवातीलाच पंचांनी बजावलं, "बाहेरच्या कुणाला वाट विचारली की जोडी बाद." सगळ्यात जोरात मान मीच हलवली.

तिसऱ्या निशाणानंतर वाळूनं माझा अपमान सुरू केला. निघताना मी चाकांत दगडासारखी हवा भरली होती. "अहो, वाळू हाय, थोडी हवा सोडा की," असं बायको म्हणाली होती. मऊ चाकं घेऊन फिरायला मी काय म्हातारा झालो होतो? आता तिची सायकल पुढं आणि माझी पेरणीच्या कुरीसारखी जमिनीत. मी वाळूला शिव्या घातल्या, सायकलीला घातल्या, सुरूच्या झाडांनाही घातल्या, कारण मेली सगळी एकसारखी दिसत होती.

पाचवं निशाण जवळ आलं तशी ती म्हणाली, "जरा गप बसा. पावलं मोजू दे मला." आणि सायकल ढकलत झाडांत शिरली.

मी गप बसायला हवं होतं. पण समोर म्हशी चारत एक म्हातारा उभा, आणि तोंडाच्या सवयीनं निघून गेलं, "ओ पावणं, हितं लाल-पांढरं निशाण बघितलंय काय?"

आमच्याकडं विचारलं की माणूस नुसतं बोट दाखवून थांबत नाही. पोचवायला येतो.

"व्हय की. चला, दावतो."

"नको, ऱ्हाऊ द्या! विचारलंच न्हाय समजा!"

"लाजताय कशाला? वाळूत चुकतंय माणूस."

पळावं तर चाकं रुतलेली. त्यानं मागून सायकल ढकलायला घेतली. त्याच्या मागं चार म्हशी.

"आजोबा, जावा की परत! बाद हुतोय मी!" मी ओरडलो. त्याला वाटलं मला दम लागलाय. त्यानं आणखी जोर लावला.

त्या निशाणावर नेमके पंच खुर्ची टाकून बसलेले. शेजारी बायको, नुकतंच भोक पाडलेलं कार्ड हातात. नकाशा बघून, बरोबर पोचलेली.

"हे घ्या तुमचं पावणं," म्हातारा पंचांना म्हणाला. "विचारत फिरत हुतं बिचारं."

पंचांनी वहीत रेघ मारली.

"अहो, विचारलं मी! ती आधीच पोचलीय, तिला का बाद?" मी तावातावानं भांडलो.

"जोडी म्हणजे जोडी."

मी पंचांवर चिडलो, नियमावर चिडलो, म्हशींवरही. स्वतःवर चिडायची पाळी येऊ नये म्हणून कुणाला सोडलं नाही. बायकोनं वाकून माझ्या दोन्ही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली आणि स्वतःच्या सायकलीवर बसली.

"आता कुठं? बाद झालोय आपण."

"तीन ऱ्हायल्यात."

तिन्ही तिनंच काढली. मागं माझी सायकल वाळूवरून अलगद चालली होती, त्याचाही मला संताप आला.

शेवटच्या टेबलावर तिनं कार्ड ठेवलं. तिथले गृहस्थ वही बघून म्हणाले, "वहिनी, तुमची जोडी बाद हाय."

"बाद हे हायत. भोकं मोजा."

ते माझ्याकडं बघायला लागले.

"मोजा की ओ!" मी खेकसलो.

त्यांनी बोट ठेवून मोजली आणि पुटपुटले, "आठ."

"मोठ्यानं," ती म्हणाली.