नऊ टक्क्यांत मावलेलं पत्र

घरासकट फिरायला जायची हौस आमच्या ह्यांची. मानपाड्याजवळच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला डोंगर, नदी, सूर्यास्त यांचं फारसं काही वाटत नाही. पण पलंग, फ्रिज, शेगडी आणि छपरावर सोलर पॅनल असलेली ती गाडी बघून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. घोडबंदर रोडला एक गृहस्थ ती भाड्याने देतात. दिवसाला साडेसात हजार, डिझेल आपलं, साधं कारचं लायसन्स चालतं. आम्ही दोन दिवसांसाठी घेतली. मुक्काम ठरला मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी, ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या गावी, त्याच्या चुलत्यांच्या शेतात.

मी एकाच अटीवर तयार झाले. लॅपटॉप बरोबर येणार आणि तो चालला पाहिजे.

त्याला कारण होतं. ठाण्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनिता सोमवारी कायमच्या मंगळुरूकडे, वयस्कर सिस्टर राहतात त्या आश्रमात जाणार होत्या. समारंभ नको म्हणाल्या. म्हणून आम्ही बावीस जुन्या मुलींनी (मुली म्हणजे सगळ्या साठीच्या) एकेक पत्र लिहून त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. पानं लावायचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत फाइल छापणाऱ्याकडे गेली, तरच रविवारी पुस्तक मिळणार होतं. एकवीस पत्रं तयार होती. बाविसावं माझं. तीन आठवडे मी ते इंग्रजीत लिहीत होते आणि पुसत होते. दर वेळी ते शोकसभेतल्या भाषणासारखं व्हायचं.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी सोसायटीत आली आणि अख्खी सोसायटी ती बघायला उतरली. गाडी चालवायची बॅटरी वेगळी आणि आतल्या घराची वेगळी, हे ह्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी विचारलं, "चहा होतो का हो हिच्यात?" झालं. विजेच्या किटलीत तीनदा चहा झाला, सगळे दिवे लावून झाले, पंखा फिरवून झाला. सकाळी घराची बॅटरी अठरा टक्क्यांवर आलेली.

"काळजी नको," हे म्हणाले. गाडी चालताना ही बॅटरी भरणारी वायर सध्या बंद आहे, हे मालकाने सांगितलं होतं. पण ऊन होतं ना. ह्यांनी एका कागदावर फ्रिज, पंखा, दिवे आणि माझा पासष्ट वॅटचा चार्जर यांचं गणित मांडलं आणि तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. "पाच तास ऊन मिळालं की तुझा लॅपटॉप दहा वेळा चार्ज होईल."

"एकदा झाला तरी पुरे," मी म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, डोंबिवलीतून साडेसहाच्या आत निघा. कल्याण आणि शहाड मागे टाकलं की मुरबाडचा रस्ता बरा आहे. मुरबाडला मिसळ खाऊन पाणी भरून घ्या, पुढे हॉटेलं विरळ होत जातात. माझा लॅपटॉप माझ्यासारखाच जुना, तास-दीड तासात दमतो. मुरबाडपर्यंत मी त्यावर एकवीस पत्रांचं शुद्धलेखन तपासत बसले, त्यात तो नऊ टक्क्यांवर आला. माझं बाविसावं पान कोरंच होतं.

अकरा वाजता शेतावर पोचलो. भात कापून झालेलं, वाल कमरेपर्यंत आलेले, समोर घाटाची निळी भिंत. त्या चुलत्यांच्या पत्नी, मथुराकाकी, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "घर हाय ना आमचा, मग गारीत कशाला झोपता?"

"हौस, काकी," हे म्हणाले.

"अशी कशी हौस," काकी माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांच्याकडेही वीज नव्हतीच. गावाचा ट्रान्सफॉर्मर गुरुवारी जळाला होता.

ह्यांनी चाकांना दगड लावले, तासभर खपून गाडीच्या बाजूला ताडपत्रीचा मांडव ताणला, लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि आम्ही काकींकडे जेवायला गेलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, लसणाची चटणी, माणशी दोनशे. जेवून पडवीत डुलकी काढली, मग नदीवर गेलो. पाण्यात पाय सोडून बसल्यावर मला वाटलं, आता परत गेलं की शांतपणे पत्र लिहीन. पाच वाजता परत आलो.

लॅपटॉप नऊ टक्केच होता.

मग मी बोलले. तीस वर्षं कारखाना कसा चालला असेल ते देवाला ठाऊक, असं काहीसं. फ्रिजवरचं गणित मी मोठ्याने वाचून दाखवलं. हे एकेक वायर तपासत होते. छपरावर चढून आले. मग खाली वाकून दाराजवळच्या सीटखाली बघितलं.

"अगं, मेन कोणी बंद केला?"

डोंबिवलीच्या घरातून निघताना गेली पस्तीस वर्षं माझा एक पाठ आहे. गॅस, मेन, नळ. तो म्हटल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. या घरातून निघतानाही हात आपोआप लाल बटणाकडे गेला होता. दिवसभराचं ऊन पॅनलवर पडलं आणि तिथूनच परत गेलं.

"मी केला," मी म्हटलं.

"नळ?"

"तोही."

"गॅस?"

"तोही."

हे पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सुरक्षित आहे आपलं घर," म्हणाले.

मेन चालू केला. पण बॅटरी सकाळीच कमी होती, त्यात फ्रिज रस्ताभर चाललेला. इन्व्हर्टर दोन मिनिटं ची-ची करून बंद पडला. सूर्य खाली गेलेला. मांडव सोडून, दगड काढून मुरबाड गाठायचं तर शनिवारच्या गर्दीत सात वाजून गेले असते. लॅपटॉपमध्ये उरलेली वीज म्हणजे फार तर दहा मिनिटं. त्यात पत्र लिहायचं की बाकीच्या एकवीस जणींची फाइल पाठवायची?

"माझं पत्र राहू दे," मी म्हटलं. "पान काढून टाकते."

ह्यांचं हसू गेलं. "तीन आठवडे काय करत होतीस मग?" त्यांनी फ्रिजवरचा कागद ओढून काढला, मागची कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवला आणि खिशातलं पेन दिलं. "हातानं लिही. मी फोनवर फोटो काढतो, तो त्या पानावर चिकटव. लॅपटॉप शेवटी उघडायचा. बंद ठेव आत्ता."

मी मांडवाखाली बसले. पेन हातात घेतलं आणि पहिली ओळ मराठीत उतरली.

पाचवीत मी मराठी शाळेतून कॉन्व्हेंटमध्ये गेले होते. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घ्यायचं नाही. सिस्टर बेनिता तेव्हा नुकत्याच मंगळुरूहून आलेल्या. एक दिवस पेरूच्या झाडाखाली माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, मला फाटकावरच्या भाजीवालीशी भांडायचं आहे, शिकवशील? मी त्यांना "काय मावशी, एवढी महाग?" शिकवलं. वर्षभर रोज दहा मिनिटं. त्या रोज चुकायच्या आणि मी त्यांना रागवायची. खूप वर्षांनी माझ्या लक्षात आलं की कोकणी घरातून आलेल्या बाईला एवढं मराठी तेव्हाही येत असणार.

पत्रात मी लिहिलं, "सिस्टर, तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी तुम्ही मला तुमची मराठीची बाई केलंत, हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हालासुद्धा नाही."

पाऊण पान झालं. एकही शब्द खोडला नाही. ह्यांनी फोटो काढला. मागच्या बाजूचं वॅटचं गणित कागदातून पुसट दिसत होतं. मग लॅपटॉप उघडला.

"सात टक्के," हे म्हणाले.

"मला दिसतंय."

"पाच."

"अहो, तुम्ही बोलल्याने कमी होतंय ते."

काकी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही वाकून बघू लागल्या. बांधावर उभं राहिलं की नेटवर्क मिळत होतं, म्हणून मी लॅपटॉप हातावर घेऊन वालाच्या कडेला उभी. "झाला का?" काकींनी विचारलं. फाइल गेली तेव्हा तीन टक्के होते आणि सात वाजायला वीस मिनिटं होती.

त्या मुक्कामाबद्दल एवढंच सांगते की झोप उत्तम लागते आणि डोंगराच्या सावलीमुळे सकाळी ऊन उशिरा येतं. सोलरवर भिस्त असेल तर हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर थेट गाडीच्या सॉकेटवर चालणारा चार्जर न्या. आणि मेनला हात लावू नका.

रविवारी परतताना मुरबाडच्या अलीकडे हे सहज म्हणाले, "पण तिकडे मराठी वाचणार कोण? सिस्टरना तर आता दिसत नाही म्हणालीस ना?"

मला ते सुचलंच नव्हतं. बाकीच्या एकवीस जणींनी इंग्रजीत लिहिलं होतं, कोणीही वाचून दाखवलं असतं. शहाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनी एकदाही चिडवलं नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते कळलं.

पुस्तक सोमवारी स्टेशनवर आमच्या बावीस जणींतल्या शर्मिलाने सिस्टरच्या हातात दिलं. घरी आल्यावर मी गाडीतला तो कागद कपाटात ठेवला. सहलीचं काय उरलं असं कुणी विचारलं, तर मी बिरड्याबद्दल बोलायचे.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सिस्टरचा आवाज बारीक झालाय, पण मराठी तेच, शब्द मोजून टाकल्यासारखं.

"एकवीस पत्रं वाचून झाली. इथली मुलगी म्हणते, शेवटी पत्र नाही, चित्र आहे. मी बोट फिरवून बघितलं, काही कळत नाही. ते तुझं आहे ना?"

"हो, सिस्टर."

"मग तू वाच."

मी कपाटातून कागद काढला. फोन खांद्याशी धरून एका दमात वाचायला लागले, रडू यायच्या आत संपवायचं म्हणून. तिसऱ्या ओळीवर त्यांनी थांबवलं.

"हळू वाच," सिस्टर म्हणाल्या. "मला घाई नाही."