मला कोणी विचारलंच नव्हतं

हे मी घरातसुद्धा बोललेले नाही. नवरा रेल्वेत, सगळं आयुष्य बदल्यांचं, गावोगावची माझी भांडणं त्याला तोंडपाठ — पण ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. स्वतःचाच वैताग आलाय.

इथे जयपूरला, विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या एका स्विचच्या कारखान्यात मी लायब्ररी सांभाळते. कथा-कादंबऱ्या नाहीत हो. माल कसा तपासायचा याच्या नियमांची पुस्तकं. नवी आवृत्ती आली की जुनीच्या कव्हरवर मी लाल शिक्का मारते — रद्द. फेकायची मात्र नाही, कारण जुन्या मालाची तक्रार आली तर तीच लागते.

मग वरून फर्मान आलं. लायब्ररी म्हणायचं नाही, नॉलेज हब म्हणायचं! सगळी पुस्तकं स्कॅन करायची, प्रश्न टाइप केला की कॉम्प्युटर उत्तर देणार. साहेब कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले होते. जगात म्हणे असंच चाललंय, लायब्ररियनचं काम बदलतंय. बदलू दे ना बाबा! पण इतकी वर्षं ती खोली राखणाऱ्या बाईला एका शब्दानं तरी विचाराल? छे. कंत्राटावर पूजाला आणलं, माझ्या निम्म्या वयाची, आणि तिला केलं हब मॅनेजर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि पोरगी गोड होती, हाच तर त्रास. दीदी, दीदी करत मागे असायची, डब्यातली गट्ट्याची भाजी आधी मला वाढायची. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तिनं माझं काय घोडं मारलं होतं?

स्कॅन करणारे लोक कव्हरं सोडून देत होते. जाड असतात, मशीनमध्ये अडकतात. म्हणजे शिक्काच गेला — मतलब, रद्द नियम आणि चालू नियम कॉम्प्युटरला सारखेच. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं. मी चहा पीत होते. पीत राहिले.

व्हायचं तेच झालं. टेस्टिंगवाल्यांनी कॉम्प्युटरला विचारलं, त्यानं जुना नियम दिला, माल त्यावर तपासला गेला आणि गिऱ्हाइकानं अख्खी ऑर्डर परत पाठवली. तेव्हापासून मी घरी एकच पालुपद लावलंय — मला कोणी विचारलंच नव्हतं! नवरा बिचारा मान हलवतो. त्याला माझी बाजू पटते.

खोटं आहे ते. विचारलं होतं... पूजानंच.

सगळं काम झाल्यावर, साहेबांना दाखवायच्या आधी, तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "दीदी, एक बार आप देख लो. कुछ छूटा तो नहीं?"

मी बघितलं. चष्मा पुसून, पानं सरकवून, नीट बघितलं. आणि म्हटलं, "सब ठीक है."

मनात काय होतं, सांगू? पडू दे तोंडावर. मग येतील झक मारत माझ्याकडे.

आलेच. साहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि पूजाला विचारलं, चालू करण्याआधी हे कुणा जाणकाराला दाखवलं होतंस का? मी खिडकीबाहेर बघत बसले. ती म्हणणार, दीदींना दाखवलं होतं — आता म्हणणार. ती म्हणाली, नाही, चूक माझीच. आणि मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिचं कंत्राट संपवलं. लायब्ररी पुन्हा माझी झाली.

जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. रडून आली होती, डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाली, "आपसे भी छूट गया होगा, दीदी. आपका नाम लेके क्या करती?"

मी म्हटलं, "हाँ. छूट गया."