दार बंद करायचा मंत्र

परवा लोअर परळच्या एका कॅफेत भाचीने विचारलं, "मावशी, माझ्या जादूगारणीला कुठला मंत्र घेऊ?" टेबलावरचे तिचे बहुपैलू फासे मी हातात घेतले आणि मनाने थेट चाळीस वर्षांपूर्वीच्या गिरगावात, खोताच्या वाडीतल्या ग्लेनच्या माडीवर पोचले.

गिरण्यांचा संप नुकताच मोडला होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या ग्लेनच्या मामाने परदेशातून हा खेळ आणला होता: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. कॉलेजातले आम्ही मित्र लाकडी जमिनीवर गोल करून बसायचो आणि खालून बोंबील तळल्याचा वास यायचा. निखिल चिलखतातला योद्धा व्हायचा, मी जादूगारीण. त्याचे वडील माझ्या बाबांच्या गिरणीत साहेब. पुन्हा कामावर घ्या म्हणून हात जोडणाऱ्या बाबांना त्यांनी "गेटवर गर्दी करू नका" म्हणत परत पाठवलं होतं.

"आगीचा मंत्र घे गं, सगळे तोच घेतात," ग्लेन म्हणाला. मी दार बंद करायचा घेतला. निखिल खो खो हसला.

खेळात गुहेतला राक्षस आमच्या मागे लागला. मी आधी बाहेर पडले. निखिलचा योद्धा दाराशी पोचणार, तेवढ्यात मी मंत्र टाकला.

"अगं, मी आत आहे! उघड ना!"

"गेटवर गर्दी करू नका," मी शांतपणे म्हणाले.

योद्धा मेला. निखिल रडवेला होऊन उठून गेला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मगे उघडलंस काय गो दार?"

"नाय."

संपानंतर बाबा पहिल्यांदाच पोट धरून हसले. निखिलचा त्यात काही दोष नव्हता, हे आता कळतं. तरी त्या हसण्यासाठी मी आजही दार उघडणार नाही.