शिरगोळ्याचे टाक

ज्या माणसाला तुम्ही लहानपणापासून ओळखता, त्याच्याकडे कधी इमानाचा पुरावा मागितलात का? मी मागितला.

हिंगोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला माझा मित्र शिरगोळ्याचे लिहायचे टाक कातायचा. शिरगोळा म्हणजे ज्याची रांगोळी कुटतात तो मऊ पांढरा दगड. त्याची कांडी कातायच्या चरकावर बसवायची, आसाला दोरीचे दोन वेढे द्यायचे, दोन्ही टोकं धरून एकाने आळीपाळीने ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. कांडी पुढे फिरली की पटाशी टेकायची, उलटी फिरली की केसभर उचलायची. मी ओढायचो, तो कातायचा. शेवटी दांडीवर तीन बारीक कडी काढायचा, ती त्याची खूण. उर्दू लिहिणाऱ्या कारकुनांना जाड दांडी लागे, आम्हा मराठीवाल्यांना बारीक. नीब तेवढी बाजारची.

वऱ्हाडातून भाकरीच्या फडक्यात लपवलेली निजामाविरुद्धची पत्रकं यायची. ती वाचत मी मोठा झालो आणि पुढे स्वतः लिहू लागलो, त्याच्याच टाकाने. दोरी ओढता ओढता मी त्याला ती तोंडपाठ म्हणून दाखवायचो. आवाज चढला की हाताला हिसका बसे आणि कांडी कट्‌कन मोडे.

"लेका, दोरी ओढ. सरकार नको ओढू," तो म्हणायचा.

"सरकार बी असंच मोडणार हाय."

"मोडंल तवा मोडंल. माझा टाक आताच मोडला, त्याचं काय?"

चरकाखाली पडलेला भुगा त्याची अम्मा जुन्या ओढणीतून चाळायची आणि दिवाळीला गल्लीतल्या घराघरांत वाटायची. आमच्या दारातली रांगोळी त्यांच्या घरून यायची, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नव्हतं.

मग निजामीचं शेवटचं वर्ष आलं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावं लुटू लागल्या, लोक घरं सोडून वऱ्हाडात जाऊ लागले. मी त्या टोळ्यांविरुद्ध पत्रक लिहिलं आणि त्याच्याकडे घेऊन गेलो.

"तुझी सही पायजे. तुझ्यासारख्याची असली की वजन पडतं."

त्याने पटाशी खाली ठेवली. "माझ्यासारख्याची म्हंजे?"

मी पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ते हातात घेतलं नाही.

"गल्लीत आणिक कोणाला मागितली?"

"न्हाई. तूच पहिला."

"काहून?"

"सही न्हाई केली तर लोक इचारतील, हा कोण्या बाजूचा."

"लोकायचं सोड. तू इचारून राहिला का?"

त्या वेळी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण माझ्या तोंडात पत्रकाची भाषा बसली होती. मी म्हणालो, "व्हय. तत्त्वाची गोष्ट हाय."

त्याने आसावरची दोरी उकलली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "घे. आता तूच ओढ अन् तूच कात."

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. माझी चूक नाही असंच मला वाटत होतं. पुढे फौजा आल्या, निजामी गेली, मी चौकात नाचलो. मग त्या टोळ्यांचे हिशोब, केवळ धर्म एक म्हणून, ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा घरांकडूनही वसूल होऊ लागले. मी लिहायला बसलो, पण या अन्यायासाठी माझ्याजवळ एकही वाक्य तयार नव्हतं. एका सकाळी त्याच्या दाराला कुलूप दिसलं. मायलेक पूर्णेकडच्या गाडीत बसून गेले, एवढंच कळलं.

घरी आलो तर आई चुलीपाशी बसलेली. म्हणाली, "किल्ली आपल्याकडं देऊन गेला. चरकाला वाळवी लागू देऊ नका म्हणला."

ज्याच्या इमानाची मी सही मागितली, तो जाताना घर आमच्या हवाली करून गेला होता.

कुलूप उघडलं. चरकावर एक अर्धा टाक तसाच होता. दोनच कडी झालेली. तिसरं काढायचा मी प्रयत्न केला नाही. माझी पटाशी उलट्या फेऱ्याला उचलली जात नाही.

या दिवाळीला बाया आईकडे भुगा मागायला आल्या. चरकाखाली झाडून पाहिलं, दोन मुठी निघाला. आईने त्या भुग्याची रांगोळी त्याच्याच उंबऱ्यावर काढली.

तुमच्या गावात दगडाच्या दांडीवर तीन बारीक कडी काढणारा कुणी नवा कातारी आला असेल, तर त्याच्याकडे जा. कोण्या बाजूचा, हे विचारू नका. एवढाच निरोप द्या: किल्ली चुलीमागच्या खुंटीला आहे, आणि दोरी ओढणारा आता तोंड मिटून ओढेल.