पेज कोण चाखणार?

सीताबाईचं विमानाचं तिकीट मी काढलं. खिडकीची जागा बघितली, सकाळची वेळ बघितली, विमानतळावर चाकाची खुर्ची हवी का तेही विचारलं. ("मी काय आजारी हाय?" असं उत्तर मिळालं.) बघायची राहिली ती तिथी. मोठ्या ऐटीत छापील तिकीट तिच्या हातात दिलं, तर तिने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या तारखेच्या चौकोनात गणपतीचं इवलंसं चित्र होतं. त्यालासुद्धा माझी कीव आली असावी.

"मास्तर," सीताबाई म्हणाली, "संकष्टीलाच काढलंस? शाळंत काय शिकवतोस रं पोरांना?"

"बदलून घेऊ का?"

"नको. उपास काय जमिनीवरच करायचा असतो? वर गेली तं गणपती अजून जवळ."

शेलार गावात आमची भिंतीला भिंत. सीताबाईची पूर्वी भातशेती होती. आता तिथे गोदाम उभं आहे आणि भात तेवढा तिच्या बोलण्यात उरला आहे. घरामागच्या खोल्यांत कापडाच्या लूमवर शिफ्ट करणारी कुटुंबं राहतात. त्यांच्या बायकांशी बोलून बोलून सीताबाईची एक स्वतःची हिंदी तयार झाली आहे. त्या हिंदीला व्याकरण नाही, पण ती कुठे अडतही नाही. अहो-जाहोची तिला सवय नाही. मला, सरपंचाला, डॉक्टरला आणि देवाला ती एकाच मापाने अरे-तुरे करते. आसपास कुठलंही मूल रडलं की तिचं निदान ठरलेलं: "भुकेलं हाय." डॉक्टरांना तपासून जे कळतं, ते हिला चुलीपाशी बसून कळतं असा तिचा दावा. निम्म्या वेळा तो खोटा ठरतो, पण तोवर मुलाने खाल्लेलं असतं, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

तिची मुलगी करिष्मा बंगळूरला नोकरी करते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा सीताबाईने गणपतीशी थेट व्यवहार केला: नातू दे, तो वर्षाचा होईपर्यंत संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही. गणपतीने शब्द पाळला. भाविक झाला. बाळंतपण माहेरी झालं, पुढे रजा संपत आली आणि नेमकं तेव्हाच भाविकचं पोट बिघडलं. इतक्यात प्रवास नको, असं डॉक्टर म्हणाले. करिष्मा रडत रडत एकटी कामावर गेली.

पोट बरं झालं, पण भाविकने तोंडच मिटलं. डब्यातली महागडी पावडर तो अशा जोराने उडवायचा की समोरची भिंत बाळसं धरेल असं वाटावं. पोर सुकायला लागलं. शेवटी सीताबाईने तांदूळ आणि मूग भाजून, भरडून, पातळ पेज केली, वर तुपाचा थेंब सोडला, आणि भाविकने तोंड उघडलं. त्या दिवसापासून तो पेजेशिवाय कशालाच तोंड लावत नव्हता. डॉक्टरांनी मुलाला आईकडे न्यायला परवानगी दिली, पण बजावलं, "खाणं मात्र आता बदलू नका. भूक मोडली की पुन्हा पहिल्यापासून."

म्हणून त्या सकाळी सीताबाईच्या खांद्यावर भाविक होता आणि पिशवीत फ्लास्कभर पेज. मी विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत काय झालं ते तिने नंतर अख्ख्या गावाला इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच तिथे असल्यासारखं वाटतं.

वाटेत भाविकने सगळं शेलार ते विमानतळ रडून काढलं आणि तपासणीच्या रांगेत आल्याबरोबर गाढ झोपला. पिशवी मशीनमधून पलीकडे गेली आणि थांबली. वर्दीतल्या बाईने फ्लास्क बाहेर काढला.

"मांजी, इसमें क्या है?"

"पेज है."

"पेज? किताब का पेज?"

"किताब का कायको? भात का पेज."

वर्दीवाल्या बाईने फ्लास्क कानाजवळ नेऊन हलवला. पुस्तक हलत नाही, एवढं तिला पटलं. सीताबाईला वाटलं, हिला समजावायचं कसं? मग तिला मागच्या खोलीतली नूरी आठवली. नूरी भात शिजला की ओरडायची, "सीताबाई, मांड फेंकना मत, बच्चे को दूंगी!"

"मांड!" सीताबाई ओरडली. "मांड मालूम? भात का मांड, उसमें मूंग डाला, घी डाला. बच्चे का खाना."

"अच्छा, मांड!" बाईचा चेहरा एकदम घरचा झाला. "ले जाइए. बस, दो चम्मच चख के दिखाइए."

सीताबाईचा हात फ्लास्कवरच थांबला.

"मेरा उपास है."

"तो बच्चे को खिलाइए."

सीताबाईने खांद्याकडे पाहिलं. भाविकचा गाल तिच्या पदरावर चेपला होता. आजारपणानंतर असा झोपला नव्हता. उठवला, तर तो रडणार, आणि रडताना तो पेजसुद्धा तोंडातून फेकतो हे तिला ठाऊक होतं. फेकली, की झालं! फ्लास्क इथेच, आणि पोराची भूक पुन्हा मोडलेली.

"अभी सोया है. सोये हुए को कैसा उठाऊं?"

"मांजी, मैं भी क्या करूं? किसी ने चखा नहीं तो यहीं छोड़ना पड़ेगा."

मागे रांग वाढत होती. हातात बूट आणि पट्टा घेऊन उभा असलेला एक तरुण पुढे वाकला. "आंटी, मैं चख लेता हूं. नाश्ता भी नहीं किया."

"आप नहीं," वर्दीवाली म्हणाली. "जिसका सामान, वो चखेगा."

"बघ बाबा," सीताबाई त्याला म्हणाली, "तुज्या नशिबात न्हाय."

मग तिने भाविकला खांद्यावर नीट सावरलं. नवस पुरा व्हायला आता थोड्याच संकष्ट्या उरल्या होत्या. तापात केलेल्या, लग्नाच्या पंगतीत वाढताना केलेल्या, एकदा तर ढगांमागच्या चंद्राची वाट बघत गच्चीवरच डुलकी लागलेली. एकही चुकली नव्हती. एका बाजूला ते सगळं, आणि दुसऱ्या बाजूला खांद्यावरचा ऊन ऊन श्वास.

तिने झाकणात पेज ओतली. डोळे मिटले, ओठ हलले. काय म्हणाली ते तिने गावात कुणालाच सांगितलेलं नाही. आणि एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग थोडं थांबून तिसरा घेतला.

"बस, बस, मांजी! दो ही बोला था."

"थांब गं. पहिल्या दोनात मीठ कळलंच न्हाय."

बूटवाला तरुण मोठ्याने हसला, मागची रांग हसली. वर्दीवालीने हसू दाबत फ्लास्कचं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावलं आणि हळूच विचारलं, "मूंग भूनती हो पहले?" झालं! सीताबाईने तिथेच भाजायचं किती, भरडायचं किती, तूप कधी घालायचं, सगळं सांगायला घेतलं. भाविक हलला म्हणून बरं, नाहीतर ती चुलीपर्यंत पोचली असती आणि विमान सुटलं असतं.

विमान उतरायला लागलं तसा भाविक जागा झाला, कान दुखल्यासारखा रडायला लागला. सीताबाईने चमचा पुढे केला. तो रडायचा थांबला. गिळत गिळत, कान मोकळे करत, बंगळूर येईपर्यंत फ्लास्क तळाला गेला. बाहेर करिष्मा उभी होती. आईला विसरला असेल, या धास्तीने ती पुढेच येईना. भाविकने तिच्याकडे पाहिलं, पेजेची मिशी असलेलं तोंड वासलं आणि दोन्ही हात पसरले.

संध्याकाळी सीताबाईचा मला फोन आला. मागे भाविकचा आरडाओरडा आणि करिष्माचं हसणं ऐकू येत होतं. ती जेवत होती. चंद्र उगवायचा होता तरी. तिकिटाचा गुन्हेगार म्हणून मी भीत भीत विचारलं, "सीताबाई, उपास मोडला, नवस राहिला. आता गणपती रागावला तर?"

पलीकडून घास गिळल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, "का रं, गणपतीला काय आई न्हाय?"